अनंतकोटी ब्रह्मांडं आणि पावाचा तुकडा

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. मुलुंड पूर्वेला आम्ही राहतो त्या इमारतीत त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेलं नाही असं एकही घर नसावं. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरला आणि जिन्याजिन्यातून टाळ्यांचा आवाज आला. सौ.नं देवापुढे साखर ठेवली. टाळ्या ओसरल्यावर आमच्या आठ वर्षांच्या नातवानं मात्र वेगळाच विषय काढला. चंद्रावर कुणी राहत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आणखी लांब, एखाद्या ताऱ्याभोवती माणसांसारखं कुणी असेल तर ते कुठल्या देवाला नमस्कार करत असतील, त्यांना आपला गणपती माहीत असेल का आणि नसेल तर बाप्पा त्यांच्यावर रागावेल का, असे त्याचे प्रश्न होते.

सौ.ला उत्तर शोधावं लागलं नाही. आमच्याकडे दर गुरुवारी स्वामींची आरती होते आणि आरतीनंतरच्या जयजयकारात स्वामींना अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हटलं जातं. ब्रह्मांडं अनंतकोटी असली तरी नायक एकच आहे, मग तिथले लोक त्याला कुठल्या का नावानं हाक मारेनात, असं तिनं नातवाला समजावलं आणि ती कुकर लावायला उठली. नातवाचं समाधान झालं. माझं झालं नाही. उत्तर चुकीचं होतं म्हणून नव्हे. ते उत्तर तोंडानं म्हणणं सोपं आणि अंगी बाणवणं किती कठीण आहे, याचा मला एकदा अनुभव आला आहे म्हणून. त्या अनुभवाकडे मी शेवटी येणारच आहे. पण त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका मुंबईकराची गोष्ट सांगायला हवी.

तर्खडकर म्हटलं की आमच्या पिढीला इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला आठवते. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. मी सांगतो आहे ती गोष्ट दादोबा पांडुरंग तर्खडकरांची, मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांची. मी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. फळ्यावर नाम, सर्वनाम, क्रियापद लिहिताना ही वाट पहिल्यांदा ज्यांनी साफ केली त्यांच्यात दादोबा अग्रभागी होते, एवढं मी मुलांना सांगत असे. त्यांच्या उरलेल्या आयुष्याकडे मात्र माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं.

बोरिवली ओलांडून गाडी वसईकडे निघाली की त्या बाजूला तर्खड नावाचं गाव आहे. आडनाव तिथलं, पण दादोबांचा जन्म मुंबईतला, ९ मे १८१४ चा. पुण्यात तेव्हा पेशवाई अजून शिल्लक होती. मुलं पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं गिरवत होती. पुढे दादोबा नव्या इंग्रजी शाळेत गेले, आणि त्या पिढीच्या सगळ्याच हुशार मुलांसारखं त्यांच्याही डोक्यावर एकाच वेळी दोन आकाशं आली. घरी पुराणांतलं आकाश, मेरू पर्वत, सात समुद्र, चौदा भुवनं. शाळेत पृथ्वीचा गोल आणि सूर्याभोवती फिरणारे ग्रह. कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली होती. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे मुलांना गणित आणि ज्योतिष शिकवत होते. तिकडे माळव्यात सिहोरला सुबाजी बापू या मराठी शास्त्र्यांनी १८३६ मध्ये सिद्धांतशिरोमणिप्रकाश हे पुस्तक लिहून पुराणांतला भूगोल बाजूला ठेवला आणि पृथ्वीच फिरते हे मराठीतून सांगितलं.

या नव्या आकाशाचा उपयोग मिशनरी मंडळी वादात हत्यारासारखा करत. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि पुढची कित्येक वर्षं शास्त्री-पंडितांशी त्यांचे जाहीर वाद झाले. तुमच्या पुराणांतला दुधाचा समुद्र कुठल्या नकाशात आहे, असा एकंदर सूर असे. गंमत अशी की तेच आकाश युरोपातल्या चर्चलाही टोचत होतं. प्रत्येक तारा हा एक सूर्य आणि त्याच्याभोवती वस्ती असलेली जगं, असं म्हणणाऱ्या जिओर्दानो ब्रुनोला १६०० मध्ये रोमच्या चौकात जिवंत जाळण्यात आलं. त्याच्यावरच्या अनेक आरोपांत हाही एक होता. पुढे थॉमस पेन या बंडखोर लेखकानं १७९४ मध्ये विचारलं की जगं इतकी असतील तर देवाचा पुत्र या एकाच पृथ्वीवर कसा आला? उरलेल्या जगांचं काय? त्याला उत्तर म्हणून स्कॉटलंडचे धर्मोपदेशक थॉमस चामर्स यांनी खगोलावर प्रवचनं दिली आणि ती १८१७ मध्ये छापली गेली. पुढे विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानानं १८५३ मध्ये, दुसऱ्या जगांवर बुद्धिमान वस्ती असल्याचा पुरावाच नाही, असा ग्रंथ लिहिला. म्हणजे माझ्या नातवाचा प्रश्न काही नवा नाही. दादोबांच्या काळात तो मोठमोठ्या माणसांची झोप उडवत होता.

दादोबा या वादात कुठल्याच बाजूला जाऊन बसले नाहीत. १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचं महाराष्ट्र भाषेचं व्याकरण प्रसिद्ध झालं. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक म्हणून काही काळ काढून ते मुंबईला परतले आणि मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथे १८४३ च्या सुमारास त्यांनी धर्मविवेचन नावाचं एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा सात तत्त्वांत सांगता येतो. ईश्वर एक आहे. नीतीनं वागून त्याची भक्ती करणं हाच धर्म. सगळ्या माणसांचा पारमार्थिक धर्म एकच. प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य आहे. रोजचं वागणं विवेकाला धरून असावं. सगळ्या माणसांची जात एक. आणि ज्ञान सगळ्यांना मिळालं पाहिजे.

या तत्त्वांवर २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभा सुरू झाली. दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक त्यात दादोबांचे जोडीदार होते. सभेनं मांत्रिकांना जाहीर आव्हान दिलं की तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते चारचौघांत सिद्ध करून दाखवा. दोन वर्षांनी दादोबा मुंबईला परतले आणि १८४९ च्या सुमारास त्यांच्या विचारांवर परमहंस मंडळी उभी राहिली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष.

या मंडळीचा कारभार गुप्त चाले. सभासद व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा कसली? ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी दारं लावून घ्यावी लागत. बाहेर कळलं तर वाळीत पडायचं, मुलीबाळींची लग्नं अडायची, घरच्या कार्याला भटजी यायचा नाही. मंडळीतले लोक शिकलेले, चांगल्या नोकऱ्यांतले. ईश्वर एक, माणूस एक हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. पण गल्लीच्या पलीकडच्या भट्टीतला पाव चारचौघांत खायची छाती नव्हती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटण्याची वेळ आली आणि मंडळी विस्कटली.

दादोबाही याला अपवाद नव्हते. धर्मविवेचन छापून आलं ते लिहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८६८ मध्ये. त्यावर लेखक म्हणून त्यांचं नाव नव्हतं, एक जगद्वासी आर्य एवढंच होतं. जगात राहणारा एक आर्य! पत्ता म्हणून अख्खं जग दिलं, पण घरचं नाव दिलं नाही. मला या टोपणनावाचं कधी हसू येतं, कधी वाईट वाटतं. बहुतेक वेळा मी त्यात स्वतःलाच पाहतो.

मधल्या काळात ते सरकारी नोकरीत वर चढले. १८५२ मध्ये अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले, भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त केल्याबद्दल रावबहादूर ही पदवी मिळाली. सगळ्या माणसांची जात एक म्हणणाऱ्या लेखकाच्या नावामागे ही पदवी कायमची चिकटली. दुसरीकडे १८५७ मध्ये त्यांनी विधवाविवाहाच्या बाजूनं विधवाश्रुमार्जन लिहिलं. १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली आणि तिला यशोदापांडुरंगी असं आईवडिलांचं नाव दिलं. एका माणसात हे सगळं होतं. अर्थात आपल्यातही थोड्याफार फरकानं असतंच. १८६७ मध्ये त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाज स्थापन झाला आणि परमहंस मंडळीत जे दारं लावून चाललं होतं, ते निदान काही अंशी उजेडात आलं.

आता येते ती या आयुष्यातली मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. १८७८ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दादोबांचं एक इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. स्वीडनबोर्गच्या ग्रंथांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार, अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. मराठीचा हा पाणिनी उतारवयात एका स्वीडिश माणसाच्या ग्रंथांत रमला होता.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग १६८८ मध्ये स्टॉकहोमला जन्मला आणि १७७२ मध्ये लंडनला वारला. आयुष्याचा मोठा भाग त्यानं खाणींच्या सरकारी खात्यात घालवला. धातू, यंत्रं, शरीररचना, ग्रहांची उत्पत्ती या सगळ्यांवर लिहिलं. पन्नाशीच्या मध्यावर, १७४४-४५ मध्ये, त्याला साक्षात्कार होऊ लागले. देवदूत आणि मृतात्मे आपल्याशी बोलतात असं तो सांगू लागला, आणि ते सारं त्यानं खाणीचा अहवाल लिहावा तशा शांतपणे लिहून ठेवलं. १७५८ मध्ये त्यानं एक छोटं पुस्तक छापलं. विषय होता विश्वातल्या इतर पृथ्व्या आणि तिथले रहिवासी.

हे पुस्तक म्हणजे एक प्रवासवर्णनच आहे. बुधावरच्या आत्म्यांना जड वस्तूंचा कंटाळा, ते ज्ञान गोळा करत विश्वभर हिंडतात. गुरूवरचे लोक सौम्य स्वभावाचे, घराण्याघराण्यानं राहणारे. दुसऱ्याचं राज्य किंवा संपत्ती लुबाडणं त्यांच्या स्वप्नातही येत नाही. शनीवरचे लोक नम्र. चंद्रावरचे लोक सात वर्षांच्या मुलाएवढे, पण आवाज असा की ढग गडगडावेत, कारण तिथली हवा निराळी म्हणून ते पोटातून बोलतात. आज हे वाचताना हसू येतं. त्याच्या यादीत युरेनस नाही, नेपच्यूनही नाही. युरेनस सापडला १७८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. दुर्बिणीला जे दिसलं नव्हतं ते देवदूतांनीही त्याच्या कानात सांगितलं नव्हतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७६६ मध्ये एक पुस्तक लिहून त्याची यथेच्छ टर उडवली. पण त्याच कांटनं अकरा वर्षांपूर्वी इतर ग्रहांवरच्या रहिवाशांविषयी स्वतःही तर्क केले होते!

कल्पना बाजूला ठेवली तरी स्वीडनबोर्गचा मूळ युक्तिवाद उरतो. एवढं अफाट विश्व देवानं एका लहानशा पृथ्वीवरच्या मूठभर माणसांसाठी बनवलं असेल, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. सगळ्या पृथ्व्यांवर माणसं आहेत, सगळे एकाच देवाचे आणि सगळ्यांसाठी स्वर्गात जागा आहे, असं तो म्हणतो. मग ख्रिस्त याच पृथ्वीवर का जन्मला, या पेनच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं पेनच्या आधीच देऊन ठेवलं होतं. इथल्या माणसांना लिहायची कला अवगत आहे, इथे देवाचा शब्द लिहून ठेवता येतो आणि छापता येतो, म्हणून. व्याकरण लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या माणसाच्या संदर्भात हे उत्तर वाचताना मला मोठी मौज वाटते.

दादोबांना या गृहस्थाकडे काय ओढून घेऊन गेलं असेल, याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधला आहे. तरुणपणापासून त्यांच्या कानावर मिशनऱ्यांचा स्वर्ग पडत आला होता, आणि त्याच्या दारावर बाप्तिस्म्याचं कुलूप होतं. स्वीडनबोर्ग हा ख्रिस्तीच, पण त्याच्या स्वर्गात ख्रिस्ताचं नावही न ऐकलेला सदाचारी माणूस जाऊ शकत होता. गुरूवरचा जाऊ शकत होता, तसा गिरगावातलाही. सगळ्या माणसांचा पारमार्थिक धर्म एकच, हे दादोबांनी सुरतेत लिहिलेलं वाक्यच जणू या माणसानं ग्रहताऱ्यांपर्यंत लांबवलं होतं. पुस्तकाच्या नावात दादोबांनी स्वतःला हिंदू गृहस्थ म्हटलं, आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचं अपुरं आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं.

त्यानंतर आकाश खूपच मोठं झालं. १९९५ मध्ये आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह सापडला, आणि आज अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली आहे. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपत उभ्या आहेत. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत सूक्ष्मजीव शोधले. बुद्धिमान सोडाच, पण पृथ्वीबाहेरचा साधा जिवाणूही अजून निर्विवादपणे सापडलेला नाही. धर्मांनी मात्र जागा करून ठेवली आहे. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख फादर फुनेस यांनी २००८ मध्येच सांगून टाकलं की परग्रहावर बुद्धिमान जीव मानण्यात श्रद्धेला बाधा येत नाही. आमच्या शेजारच्या जैन आजी महाविदेह क्षेत्रात आज विहार करणाऱ्या सीमंधर स्वामींना रोज सकाळी वंदन करतात, आणि ते क्षेत्र आपल्या नकाशात नाही याची त्यांना कधी अडचण वाटली नाही. कुराणाच्या सुरुवातीलाच देवाला साऱ्या जगांचा पालनकर्ता म्हटलं आहे. आणि आमच्या घरी ब्रह्मांडं अनंतकोटी.

मग अडतं कुठे? आता माझा अनुभव सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आम्ही तेव्हा राहत होतो त्या सोसायटीचा मी सचिव होतो. दुसऱ्या मजल्यावरची जागा विकायला निघाली होती आणि एक कुटुंब ती घ्यायला तयार होतं. कागदपत्रं चोख, नवराबायको दोघं नोकरीला, दोन शाळकरी मुलं. समितीच्या बैठकीत कुणीतरी त्यांच्या आडनावाचा विषय काढला. कुणी स्वयंपाकाच्या वासाचा काढला. विरोधात कुणी काही बोललं नाही. नकाराचा ठराव झाला नाही, तसा तो कधीच होत नाही. फक्त जागा विकणाऱ्याला बाजूला घेऊन समजावलं गेलं. मी इतिवृत्त लिहीत होतो. मला सगळं चुकीचं वाटत होतं आणि मी खाली मान घालून लिहीत राहिलो. तो गृहस्थ कागद परत न्यायला आला तेव्हा मी दारातच त्याला पाकीट दिलं. त्यानं नमस्कार केला आणि तो जिना उतरून गेला. त्याच आठवड्यात गुरुवारी आरतीनंतरच्या जयजयकारात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

व्याकरण शिकवताना मी मुलांना नेहमी एक गोष्ट दाखवत असे. इंग्रजीत एकच शब्द आहे तिथे मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण. आम्ही म्हटलं की समोरचा वगळला जातो, आपण म्हटलं की तो आत येतो. त्या इतिवृत्तात मी पानभर आम्ही लिहिलं होतं. दूरच्या ताऱ्यावरच्या अनोळखी जिवाला आपण म्हणायला आपलं काही जात नाही. तो काही आपल्या जिन्यावर चप्पल काढणार नाही. अवघड आहे ते दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला आपण म्हणणं. दादोबांच्या मंडळींचं तरी याहून वेगळं काय झालं होतं? फरक इतकाच, की त्यांनी निदान दार लावून तरी तो पाव खाल्ला.

नातवाला मी दादोबांची गोष्ट सांगितली. चंद्रावरच्या पोटातून बोलणाऱ्या लोकांवर तो पोट धरून हसला. पण पाव खाल्ला म्हणून माणसाला वाळीत टाकत, हे त्याला काही केल्या खरं वाटेना. त्यात त्याची चूक नाही. ज्या पावासाठी त्या लोकांनी दारं लावली, तो आज मुलुंड स्टेशनबाहेर वड्याला पोटात घेऊन विकला जातो आणि तो कुणाच्या भट्टीतला हे कुणी विचारत नाही. हे व्हायला दीडशे वर्षं लागली, पण झालं.

आमच्या आताच्या इमारतीत एक जागा सध्या विकायला आहे. लोक बघायला येताहेत, लवकरच बैठक बसेल. मी आता सचिव नाही, साधा सभासद आहे. पण सभासदाला बैठकीत बोलायचा अधिकार असतो. या वेळी मी खाली मान घालून बसणार नाही, असं ठरवलं आहे.